हॅम परीक्षेची तयारी आणि बदलते नियम: जुन्या नोट्स वापरायच्या की टाकायच्या? (नागपूर केंद्र)

ईटीसी_तिसरं_वर्ष

नमस्कार मंडळी. आम्ही चौघं नागपूर केंद्रावरून एएसओसीची, म्हणजे हौशी रेडिओ (हॅम) चालवण्याच्या पात्रता-प्रमाणपत्राची परीक्षा देणार आहोत. सीनियरकडून मिळालेल्या झेरॉक्स नोट्समध्ये ग्रेड वन, ग्रेड टू आणि मोर्स (टिंब-रेघांची संदेशलिपी) मिनिटाला १२ शब्द असं आहे. दुसऱ्या पीडीएफमध्ये जनरल, रिस्ट्रिक्टेड आणि ८ शब्द. त्यात आता २०२३चा दूरसंचार कायदा आला, म्हणून गटातले दोघं म्हणतात की नवे नियम येईपर्यंत थांबू. विद्यापीठाची हिवाळी परीक्षाही जवळ आहे, दोनदा अभ्यास करायला वेळ नाही.

विचारायचं एवढंच: कोणता अभ्यासक्रम धरायचा, थांबायचं का, आणि रिस्ट्रिक्टेड द्यावी की थेट जनरल? एकाची बहीण नववीत आहे, तिलाही बसायचंय. वय चालेल का?

सुपरहेट_जुना

थांबू नका. कारण कायद्यातच लिहिलेलं आहे. दूरसंचार कायदा २०२३ची कलमं टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. पहिला टप्पा २६ जून २०२४ला आला, दुसरा ५ जुलै २०२४ला. पहिल्या टप्प्यात कलम ६१ आहे. १८८५च्या तार कायद्याखाली आणि १९३३च्या वायरलेस कायद्याखाली केलेले नियम नवे नियम येईपर्यंत चालू राहतील, असं ते कलम सांगतं. म्हणजे हौशी सेवेचे १९७८चे नियम, दुरुस्त्यांसकट, त्यांच्या जागी दुसरे अधिसूचित होईपर्यंत जिवंत आहेत. परीक्षा त्यांच्यावरच होते.

बातम्या वाचताना मसुदा आणि अंतिम अधिसूचना यांत गल्लत करू नका. दोन्ही राजपत्रातच छापतात, दोन्हींवर जीएसआर (राजपत्रातल्या अधिसूचनेचा) क्रमांक असतो, म्हणून मुलं फसतात. मसुद्यात ‘हरकती व सूचना पाठवाव्यात’ असं वाक्य आणि दिवसांची मुदत असते. अंतिम नियमांत ‘हे नियम अमुक तारखेपासून अमलात येतील’ असं असतं. व्हॉट्सॲपवर ‘मोर्स रद्द’, ‘फी वाढली’ असं काही आलं की आधी ते एक वाक्य शोधा. मसुद्यावरून अभ्यासक्रम बदलायचा नाही.

आता तुमच्या झेरॉक्सबद्दल. ग्रेड वन आणि ॲडव्हान्सला मिनिटाला १२ शब्द, ग्रेड टूला ५ शब्द, ही २००९-१०च्या दुरुस्त्यांच्या आधीची व्यवस्था. त्या दुरुस्त्यांनी दोनच श्रेणी ठेवल्या: जनरल आणि रिस्ट्रिक्टेड. जनरलला लेखी अधिक मोर्स ८ शब्द, रिस्ट्रिक्टेडला फक्त लेखी. पण झेरॉक्स पूर्ण फेकू नका. पेपरचे दोन भाग असतात, रेडिओ सिद्धांत आणि नियम. ओहमचा नियम १९७८मध्येही तोच होता. सिद्धांताची पानं ठेवा, नियमांची पानं वेगळी काढून त्यावर लाल पेननं ‘२०१०पूर्वी’ लिहा.

नियमांच्या पानांत जुनं उत्तर हमखास कुठे दडलेलं असतं ते सांगतो. श्रेणींची नावं आणि मोर्सचा वेग तुम्हाला दिसलेच. ४० मीटरचा पट्टा (हौशींना दिलेल्या वारंवारतांपैकी एक) जुन्या नोट्समध्ये ७.०० ते ७.१० मेगाहर्ट्झ असतो, आता ७.२०पर्यंत आहे. २००३च्या जागतिक रेडिओ परिषदेत तो विस्तार ठरला आणि मग देशोदेशी आला. त्याच परिषदेत मोर्सची सक्ती प्रत्येक देशावर सोपवली गेली. म्हणूनच परदेशी संकेतस्थळांवर ‘मोर्स लागत नाही’ असं वाचायला मिळतं. ते त्यांच्या देशासाठी आहे. परवान्याची मुदतही बदललेली आहे: दुरुस्तीनंतर २० वर्षांसाठी १००० रुपये किंवा आजीव २००० रुपये. परीक्षेची फी १०० रुपये. वारंवारतेचे पट्टे नॅशनल फ्रीक्वेन्सी अलोकेशन प्लॅनमध्ये असतात. त्याच्या २०११, २०१८, २०२२ अशा आवृत्त्या निघाल्या. प्रश्नसंच कोणत्या आवृत्तीवर बेतलाय ते पहिल्या पानावर नसेल, तर ४० मीटरचा प्रश्न उघडून बघा. ७.१० लिहिलं असेल तर त्या संचातलं एकही नियमांचं उत्तर तपासल्याशिवाय पाठ करू नका.

बहिणीचं वय १२ पूर्ण असेल तर बसू शकते. नववी म्हणजे अडचण नाही.

डा_डिट_डा

सुपरहेट दादांच्या उत्तरात गुणांची भर घालतो, कारण इथे मुलं आकडा वाचतात पण बेरीज करत नाहीत. रिस्ट्रिक्टेडला प्रत्येक भागात किमान ४० टक्के आणि एकूण ५० टक्के. दोन्ही भागांत काठावर ४० मिळाले तर एकूणही ४०च होतात आणि नापास. जनरलला प्रत्येकी ५० आणि एकूण ५५. सिद्धांतात ८० टक्के मिळवून नियमांत ४८ आले तरी जनरल गेली. इंजिनीअरिंगच्या पोरांचं नेमकं हेच होतं. इलेक्ट्रॉनिक्स येतंच म्हणून नियमांना शेवटची रात्र देतात. तुमच्यासाठी वेळ उलटा वाटा: दोन तृतीयांश नियमांना. नववीतल्या बहिणीसाठी मात्र सिद्धांताला जास्त.

थेट जनरल द्यावी का? माझं स्पष्ट मत, मोर्ससाठी रोज २० मिनिटं देणार असाल तर हो. रिस्ट्रिक्टेडला एचएफवर (३ ते ३० मेगाहर्ट्झ) ५० वॉट, जनरलला ४०० वॉट, आणि नंतर पुन्हा परीक्षेला बसायची पाळी येत नाही. पण हिवाळी परीक्षेमुळे रोजचा सराव तुटणार असेल तर आधी रिस्ट्रिक्टेड काढा. आठवड्यातून एकदा दोन तास बसून मोर्स येत नाही.

मोर्स ऐकून लिहायच्या चाचणीत ५ मिनिटं, मिनिटाला ८ शब्द, म्हणजे २०० अक्षरांचा मजकूर. पाच अक्षरांचा एक शब्द धरतात आणि प्रत्येक अंक दोन अक्षरांइतका मोजतात. पाचपेक्षा जास्त चुका झाल्या की बाद. ८ शब्दांना एक डिट (मोर्सचं टिंब) १५० मिलिसेकंदांचा येतो (१२०० भागिले वेग). एवढ्या संथ गतीनं शिकलात तर मेंदू डिट मोजायला लागतो आणि तिथेच अडकतो. म्हणून ॲपमध्ये अक्षराचा वेग १५ ठेवा, डिट ८० मिलिसेकंदांचा, आणि अक्षरांमधली जागा वाढवून एकूण वेग ८वर आणा. अक्षर नादानं ओळखता आलं पाहिजे. एखादं हुकलं तर जागा सोडून पुढे जा. हुकलेलं आठवत बसलात तर पुढची तीन जातात, आणि पाच चुकांची मुभा एका धक्क्यात संपते.

ईटीसी_तिसरं_वर्ष

खूप आभार दादा. जनरलच देतो. मोर्सच्या चावीचा सराव करायला ऑसिलेटर (सूर काढणारं सर्किट) बनवला, ५५५ टायमर आयसी वापरून, पण चावी सोडल्यावरही आवाज थोडा रेंगाळतो. डिट एकमेकांना चिकटतात. आणि बुल्डीत (सीताबर्डी बाजारात) हँडहेल्ड, म्हणजे हातात धरायचे रेडिओ सेट दिसतात, आत्ताच घेऊन ऐकायला सुरुवात केली तर चालेल का?

सुपरहेट_जुना

चावी बॅटरीच्या तारेत लावली असणार आणि आयसीजवळ १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असणार. चावी सोडली तरी त्या कपॅसिटरवर ५५५ काही क्षण चालत राहतो. चावी पुरवठ्यातून काढा. पिन ४ १० किलोओहमनं ग्राउंडला बांधा आणि चावी दाबली की पिन ४ धनाला जाईल अशी जोडा. पुरवठा कायम चालू, आवाज मात्र ताबडतोब तुटतो. पिन ७ ते ८ मध्ये १ किलोओहम, ७ ते ६ मध्ये १० किलोओहम, २ आणि ६ एकत्र करून ०.१ मायक्रोफॅरड ग्राउंडला. साधारण ६८५ हर्ट्झ येईल, कानाला बरा. पिन ५वर ०.०१ लावा. स्पीकर ८ ओहमचा असेल तर पिन ३ पासून १०० ओहम आणि १० मायक्रोफॅरड एकापाठोपाठ देऊन जोडा, थेट नको.

हँडहेल्ड आत्ता घेऊ नका. तो पाठवणाराही संच आहे आणि परवान्याशिवाय तो बाळगणंही नियमांत बसत नाही, ऐकायलाच घेतला म्हटलं तरी. एएसओसी उत्तीर्ण झालात तरी प्रसारणाची मुभा मिळत नाही. ते पात्रतेचं प्रमाणपत्र. परवान्यासाठी वेगळा अर्ज करायचा, कॉलसाइन (हवेवरचं ओळखचिन्ह) परवान्यासोबत येतं: जनरलचं व्हीयू२ने सुरू होतं, रिस्ट्रिक्टेडचं व्हीयू३ने. ऐकायचंच असेल तर इंटरनेटवरचे वेबएसडीआर (ब्राउझरमधून ऐकायचे रिसीव्हर) वापरा किंवा आरटीएल-एसडीआरचा डोंगल (संगणकाला लावायचा यूएसबी रिसीव्हर) घ्या. साधा डोंगल २४ मेगाहर्ट्झच्या वरच चालतो, ७ मेगाहर्ट्झ ऐकू आला नाही तर डोंगल बिघडला असं समजू नका. त्याला अपकन्व्हर्टर (वारंवारता वर सरकवणारं सर्किट) किंवा डायरेक्ट सॅम्पलिंगची सोय लागते. १४४ ते १४६चा पट्टा मात्र छतावरच्या साध्या तारेवरही येतो.

सरळ_अर्ज

अर्जाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. अर्ज दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर करायचा आणि फी भारतकोश या सरकारी भरणा पोर्टलवरून भरायची. आपल्याकडे अडतं ते नावावर. राज्य मंडळाच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. आधारवर बहुतेकांचं स्वतःचं नाव आधी, आणि वडिलांचं नाव कधी असतं कधी नसतं. अर्जात ज्या कागदाचा पुरावा जोडाल, तोच क्रम, तेच स्पेलिंग. वयाचा पुरावा आणि ओळखीचा पुरावा यांत फरक असेल तर आधी आधार दुरुस्त करून घ्या. अर्ज गेल्यावर दुरुस्ती मागत बसण्यात वेळ जातो. प्रमाणपत्रावर जे नाव छापलं जातं तेच परवान्याच्या अर्जात लागतं, म्हणून चूक इथेच थांबवा. फोटो आणि सहीच्या फाइलचा आकार पोर्टल सांगेल तेवढाच ठेवा. बहिणीसाठी पालकांची सही लागेल, ते गावाला असतील तर आधीच घेऊन ठेवा.

परीक्षेची तारीख पोर्टलवर बघा आणि विद्यापीठाच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून मगच केंद्र निवडा. नागपूरची तारीख तुमच्या प्रात्यक्षिकांवर आली तर पुढचं सत्र धरा. मुंबई केंद्राचा विचार करत असाल तर जाण्या-येण्याचे दोन दिवस मोजा.

डा_डिट_डा

सिद्धांतातल्या दोन प्रश्नांत ईटीसीवालेही घसरतात, ते करून जा. ७.१ मेगाहर्ट्झ ऐकताना आयएफ (रिसीव्हरमधली मधली वारंवारता) ४५५ किलोहर्ट्झ आणि ऑसिलेटर वरच्या बाजूला असेल तर इमेज (नको असलेला दुसरा संकेत) ८.०१ मेगाहर्ट्झवर येते. फरक आयएफच्या दुप्पट, एकपट नाही. आणि ७.१ मेगाहर्ट्झची अर्धतरंग लांबी विचारली तर १५० भागिले ७.१, म्हणजे २१.१ मीटर. प्रत्यक्ष तारेच्या डायपोलची विचारली तर १४३ भागिले ७.१, म्हणजे २०.१ मीटर. पर्यायांत दोन्ही आकडे शेजारी ठेवलेले असतात. प्रश्नात ‘तार’ आहे की ‘तरंग’ ते दोनदा वाचा.

ईटीसी_तिसरं_वर्ष

शंका एकच राहिली. आत्ता जुन्या नियमांखाली परवाना काढला आणि नंतर नवी व्यवस्था आली, तर परवाना बाद होतो का?

सुपरहेट_जुना

नाही. नव्या कायद्यात परवान्याच्या जागी प्राधिकारपत्र हा शब्द आहे, पण कलम ३ मध्ये जुन्या परवान्यांची सोय केलेली आहे. ज्या परवान्याला ठरलेली मुदत आहे तो मुदत संपेपर्यंत त्याच अटींवर चालतो. मुदत लिहिलेलीच नसेल तर ती व्यवस्था लागू झाल्यापासून पाच वर्षं. म्हणून परवाना हातात आला की पहिली गोष्ट, त्यावर ‘वैध दिनांकापर्यंत’ची तारीख छापली आहे का ते बघा आणि नसेल तर लगेच पत्र लिहून विचारा. परवान्याची पीडीएफ, फीची पावती आणि एएसओसी, तिन्ही एका फोल्डरमध्ये ठेवा. नूतनीकरणाच्या वेळी तिन्ही मागतात.