चित्रातलं घर पागोळ्या कुठे सोडणार?

चिरेबंदी:
काल इथे एका सभासदाने टाकलं, "गावच्या घराची चित्रं मिडजर्नीवर दहा मिनिटांत काढली, कंत्राटदाराला दिली, आर्किटेक्टची फी वाचली." (मिडजर्नी म्हणजे शब्दांत सांगितलं की चित्र काढून देणारं एआय.) खाली अंगठ्यांची रांग. म्हणून हा धागा.

रत्नागिरीकडचं एक गिऱ्हाईक असंच चित्र घेऊन आलं होतं. जांभ्याच्या भिंती, सपाट छप्पर, नैर्ऋत्येला भिंतभर काच, मागे समुद्र. देखणं होतं, खोटं कशाला बोलू. मग झूम केलं. जिना सात पायऱ्या चढून थेट भिंतीत घुसलेला. छज्जा नाही, पन्हळ नाही. तिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि मिरग नेमका त्या काचेवरच येणार! विचारलं, पागोळ्या कुठे पडणार? म्हणाले, "ते तुम्ही बघा हो, दिसायला असंच हवं."

२०२२पासून माझं निम्मं काम हेच. मशीनने काढलेल्या चित्रात कॉलम कुठे बसेल ते शोधायचं. वर फीमध्ये घासाघीस, कारण "डिझाइन तर आम्हीच आणलंय."

टी-स्क्वेअर:
रडगाणं जुनंच आहे. आम्ही ट्रेसिंग पेपरवर रोट्रिंगच्या शाईपेनाने काढायचो, चूक झाली की ब्लेडने खरवडायचो. ९३ला ऑफिसात कॅड, म्हणजे संगणकावर नकाशे काढणं, आलं तेव्हा आमचे साहेब म्हणाले, आता वास्तुकला मेली. मेली का? झाहा हदीद या जगप्रसिद्ध वास्तुविशारद, त्यांच्या फर्मचे प्रमुख पॅट्रिक शुमाकर २०२३मध्येच उघड म्हणाले की सुरुवातीच्या कल्पनांसाठी आम्ही ही साधनं वापरतो. तुम्ही पन्हळ धरून बसा.

पोटमाळा:
काका, कॅड तुम्ही सांगाल तीच रेघ काढायचं. हे न सांगितलेलं काढतं. आणि तुम्हाला काय, तुमची ऑफिसं थाटून झाली. पाच वर्षं बी.आर्क. करून मी रेंडर, म्हणजे न बांधलेल्या घराची खरीखुरी दिसणारी चित्रं, करायला लागले, पगार पंधरा हजार. आता सर म्हणतात, रेंडर एआय करतो, तू फक्त दुरुस्त कर. पगार तोच. साइटवर नेत नाहीत ते नाहीतच. शिकायचं कुठे?

गळका स्लॅब:
मी यातला नाही, पण माझं घर चांगल्या हाडामांसाच्या आर्किटेक्टने केलंय. तिसरा पावसाळा, हॉलमध्ये दोन बादल्या. एआय नव्हता तेव्हा!

टी-स्क्वेअर:
वॉटरप्रूफिंग काय केलंय? कोबा की नुसतं केमिकल?

गळका स्लॅब:
कोबा. त्यावर गेल्या वर्षी पांढरं केमिकल.

टी-स्क्वेअर:
उतार नसेल दिला. शंभराला एक तरी हवाच. हे कंत्राटदाराचं पाप, आर्किटेक्टचं नाही.

गळका स्लॅब:
वा! मग साइट व्हिजिटचे पैसे कशाचे घेतले त्यांनी? चहाचे?

पोटमाळा:
केमिकल खरवडा आधी. पॅरापेटच्या, म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या, कोपऱ्यात वाटा (सिमेंटची गोलाई) काढलाय का बघा. नव्वद टक्के वेळा पाणी तिथूनच शिरतं.

चिरेबंदी:
धागा कोब्यावर नाही!!

टी-स्क्वेअर:
पन्हळ कोणी काढली होती?

कलम ३७:
'एआय सही करू शकत नाही' हा तुमचा पुढचा मुद्दा असणार, म्हणून आधीच सांगतो. मार्च २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की १९७२च्या आर्किटेक्ट्स ॲक्टच्या कलम ३७ने फक्त 'आर्किटेक्ट' हे बिरुद राखलंय, काम नाही. म्हणजे चित्र कोणीही काढावं.

चिरेबंदी:
काढा की. प्लॅन मंजुरीला टाकताना मात्र परवानाधारकाचीच सही मागतात, आणि स्लॅब खचला की पोलीस मिडजर्नीच्या दारात जात नाहीत.

बरं, एक कबूल करतो, हसू नका. यूडीसीपीआर, म्हणजे राज्याची बांधकाम नियमावली, चाळून कंटाळलो म्हणून चॅटबॉटला साइड मार्जिन (बाजूला सोडायची मोकळी जागा) विचारलं. त्याने अस्तित्वातच नसलेलं कलम छातीठोक सांगितलं. पण अडकलेल्या फाइलीसाठी नगरपरिषदेला पत्र लिहायला लावलं, तर पत्र फर्स्ट क्लास. माझ्यापेक्षा चांगलं मराठी. घ्या, जिंकलात.

टी-स्क्वेअर:
फाइल हलली का पण?

चिरेबंदी:
नाही.

पोटमाळा:
त्याला एआय काय करणार!

गळका स्लॅब:
तुमचं चालू द्या. ते कोपऱ्यातल्या वाट्याचं बघून आलो, काढलेलाच नाही. सध्या रेट काय चाललाय कोणी सांगेल का?