मदत हवी आहे : मोबाईल चोरीला गेला, पण चौकीत ‘गहाळ’ लिहून दिलं

परवा संध्याकाळी स्वारगेटहून कात्रजला येताना बसमध्ये आईच्या पर्सची चेन उघडून मोबाईल काढला. अठरा हजारांचा, जेमतेम चार महिन्यांचा. चौकीत गेलो तर ‘तुमची हद्द ही नाही’. दुसरीकडे ‘गहाळ’ असा छापील अर्ज भरून घेतला, वर शिक्का. आई म्हणते, शिक्का आहे ना, झालं! पण गहाळ आणि चोरी एक कसं?

मी वाचलं त्याप्रमाणे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम १७३ नुसार हद्द कुठलीही असो, दखलपात्र (म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकतात अशा) गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावीच लागते आणि प्रत फुकट मिळते. पाच हजारांखालची चोरी अदखलपात्र, आमची तर त्याहून वरची. नकार दिला तर वरिष्ठांना लेखी कळवायचं, नाहीतर न्यायदंडाधिकारी.

आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) ब्लॉक केलाय. आता पोलीस उपायुक्तांना अर्ज रजिस्टर्ड पोस्टाने पाठवू की हातोहात देऊन पोच घेऊ? शिवाजीनगर कोर्टात जायची वेळ आलीच, तर वकील लागतोच का? कुणी स्वतः केलं असेल तर सांगा, प्लीज. ‘सोडून द्या’ हा सल्ला घरातच भरपूर मिळालाय.