काम केलं तरी प्रभाग तोच राहील असं नाही

'नगरसेवकाने पाच वर्षं काम केलं असतं तर लोकांनी त्याला पुन्हा निवडून दिलंच असतं,' असं काही जण म्हणतात. मला हे अर्धंच पटतं. निवडून यायला आधी त्या प्रभागातून उभं राहता यायला हवं, आणि ते कोणता प्रभाग कुणासाठी राखीव हे ठरवणाऱ्या आरक्षणाच्या सोडतीवर ठरतं. महाराष्ट्रात २०११ पासून पालिकांतल्या निम्म्या जागा महिलांसाठी आहेत. आरक्षण हवंच, पण ते फिरतं असल्यामुळे राबलेल्या माणसाचा प्रभाग ऐन वेळी हातातून जातो. प्रभागरचना, म्हणजे प्रभागाच्या हद्दी, बदलतात ते वेगळंच.

आमच्या नगरसेविका ताई नळाला पाणी नसो, रात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं असो की कुणाचा दहावा, सगळीकडे हजर. २०२२ मध्ये पालिकेची मुदत संपून निवडून आलेल्यांच्या जागी सरकारने नेमलेले प्रशासक आले. ताईंकडे पद नाही, निधी नाही, तरी लोक फोन त्यांनाच करायचे आणि त्या उचलायच्या. पुन्हा उभ्या राहिल्या तेव्हा जुन्या वस्तीत प्रचारपत्रकही कुणी मागितलं नाही, सगळे त्यांना ओळखतच होते. प्रभागाला नव्याने जोडलेल्या गल्ल्यांमध्ये मात्र दारोदार जाऊन आधी स्वतःचं नाव सांगावं लागलं.