पाटणकर परिवार 🏡 : मेघनाचं नाव घरावर कधी चढणार?

मेघना (फ्रीमाँट): ग्रुपवरच विचारते, कारण घरात विचारून झालंय. रीफायनान्सच्या वेळी, म्हणजे जुन्या लोनच्या जागी नवं घेताना, बँक म्हणाली म्हणून मी क्विटक्लेमवर, म्हणजे घरावरचा हक्क सोडल्याच्या कागदावर, सही केली. निखिल म्हणाला, "महिन्याभरात परत नाव चढवतो." सव्वा वर्ष झालं. डीडवर, म्हणजे घराच्या मालकीच्या कागदावर, अजून 'विवाहित पुरुष, त्याची एकट्याची स्वतंत्र मालमत्ता'.

निखिल: अगं, हे इथे कशाला 🙏

बाळकाका (पुणे): बक्षीसपत्र करा. नवऱ्याने बायकोला राहतं घर दिलं तर स्टॅम्प ड्यूटी फक्त २०० रुपये.

आदित्य (सॅन होजे): काका, घर कॅलिफोर्नियात आहे.

बाळकाका: तरी सांगून ठेवतो. २०० रुपये.

सुमनआत्या (सातारा): नाव लागलंच पाहिजे असं काही असतं का गं? आमचं कुठे लागलं.

निखिलची आई: वन्सं, इथे विषय वेगळा चाललाय.

सुमनआत्या: मी काही बोलले का? वाड्याचं हक्कसोडपत्र हसतहसत दिलं. पैठणीही मिळाली. सेमी.

बाळकाका: सुमे, ती सेमी नव्हती!

आदित्य: निखिल, ऐक. आता उलट क्विटक्लेम तू कर. फक्त तुझी सही, नोटरीसमोर. जुनं डीड समोर ठेव आणि त्यातला लॉट-ट्रॅक्टचा, म्हणजे जागेच्या कायदेशीर वर्णनाचा, परिच्छेद जसाच्या तसा उतरव, नुसता पत्ता चालत नाही. घेणारे म्हणून दोघांची नावं, पुढे 'कम्युनिटी प्रॉपर्टी विथ राइट ऑफ सर्व्हायव्हरशिप'. म्हणजे घर दोघांचं, आणि उद्या एकाचं काही झालं तर दुसऱ्याला प्रोबेटचे, म्हणजे वारसासाठी कोर्टाचे, हेलपाटे नाहीत. सोबत पीसीओआर, म्हणजे मालकी बदलल्याची माहिती देणारा फॉर्म. डीड आणि फॉर्म दोन्ही काउंटी रेकॉर्डरकडे, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या ऑफिसात. नवरा-बायकोतल्या व्यवहाराने प्रॉपर्टी टॅक्स वाढत नाही.

निखिल: आणि बँकेने सगळं लोन एकदम मागितलं तर? म्हणूनच थांबलोय.

आदित्य: नाही मागू शकत. १९८२चा गार्न-सेंट जर्मेन कायदा. राहत्या घरात बायको मालक झाली म्हणून तसं करता येत नाही. लोन मात्र तुझ्याच नावावर राहणार. टायटल इन्शुरन्सवाल्यांना, म्हणजे मालकीहक्काचा विमा देणाऱ्यांना, आधी फोन कर, क्विटक्लेममध्ये देणारा कसलीच हमी देत नाही.

मेघना: हमी न देण्याची सवय आहेच त्याला.

मंजूमामी: काउंटीच्या कागदावर नोटरीचा शिक्का, निखिलरावांचा शब्द काही होईना पक्का 😂😂

बाळकाका: इथे २०० रुपयांत झालं असतं.

निखिलची आई: मामी, मस्करी पुरे. निखिल, फोन उचल.

निखिल: शनिवारी जातो नोटरीकडे.

मेघना: उद्या. सहीचे जास्तीत जास्त १५ डॉलर घेतात, ते मी देते. हप्ता जॉइंट खात्यातून जातो, हेही सगळ्यांना कळू दे.

बाळकाका: १५ डॉलर म्हणजे हजाराच्या वर! इथे २००.

सुमनआत्या: आणि साडी वेगळी.