मदत हवी आहे: रॅटलस्नेकच्या पेप्टाइडवर डिझर्टेशन करायचंय, परजीवी घेऊ की फक्त बॅक्टेरिया?

नमस्कार मंडळी, एमएससी मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि डिझर्टेशनसाठी क्रोटॅलिसिडिन, म्हणजे रॅटलस्नेक सापातलं जंतू मारणारं पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी), घ्यायचं डोक्यात आहे. घरी सांगितलं तर आईचा पहिला प्रश्न, "म्हणजे तू साप धरणार?" साप लागतच नाही हो, सीक्वेन्स (अमिनो आम्लांचा क्रम) छापलेला आहे, तो पेप्टाइड बनवणाऱ्या कंपनीला दिला की पावडर येते, आणि वन्यजीव कायद्याच्या परवानग्यांची भानगडही नाही.

तर हे दक्षिण अमेरिकेतल्या रॅटलस्नेकच्या विषग्रंथीत सापडलेलं, ३४ अमिनो आम्लांचं, आपल्या शरीरातल्या एलएल-३७ या जंतुनाशक पेप्टाइडच्याच घराण्यातलं. धन प्रभारामुळे जंतूच्या पडद्याला चिकटतं आणि तो फाडतं. ई. कोलाय, स्यूडोमोनास यांच्यावर चांगलं चालतं, शागस रोगाच्या ट्रिपॅनोसोमा क्रुझी या परजीवीवरही लॅबमध्ये परिणाम दिसलाय. भीती एवढीच की असली पेप्टाइडं आपल्या पेशींनाही सोडत नाहीत. म्हणून लोकांनी १५ ते ३४ हा शेवटचा तुकडाच वापरून बघितला तर जंतू मारायची ताकद बरीचशी टिकली आणि पेशींना त्रास कमी झाला, शिवाय २० अमिनो आम्लं म्हणजे खर्चही कमी, मला तोच घ्यायचाय.

गाईड म्हणतात, विषातून आलेलं कॅप्टोप्रिल बीपीवर चाललं, पण जंतूंवरचं एक तरी दाखव मेडिकलच्या दुकानात. नाहीचे. वर त्यांचंच म्हणणं की लेशमॅनियावरही (काळा आजाराचा परजीवी) टेस्ट कर. बिहारमध्ये काळा आजारावर अँटिमनीची जुनी इंजेक्शनं चालेनाशी झाली त्यामुळे मोह मलाही होतोय, पण आमच्याकडे परजीवी वाढवायची सोयच नाही. काय करू? आणि हिमोलिसिसला (पेप्टाइडने लाल पेशी फुटतात का ते बघायला) बकरीचं रक्त चालेल का?

प्रतिसाद:
लेशमॅनिया सोडा. फ्लास्कमधला प्रोमॅस्टिगोट (परजीवीचं शेपटीवालं रूप) मेला तरी माणसात तो मॅक्रोफेज या पांढऱ्या पेशीच्या आत अमॅस्टिगोट (गोल रूप) होऊन बसलेला असतो, एक्स्टर्नल परीक्षक पहिलं तेच विचारणार. बॅक्टेरियाचंच काम नीट करा, त्यातच पुरेसे खड्डे आहेत. नेहमीची पॉलिस्टायरीनची ९६ वेलची प्लेट घेऊ नका, पेप्टाइड प्लास्टिकला चिकटतं आणि एमआयसी (जंतूंची वाढ थांबवणारं कमीत कमी प्रमाण) उगाच जास्त येते, पॉलिप्रोपिलीनची घ्या. ऑर्डर देताना टीएफए (पेप्टाइड बनवताना त्यात राहणारं आम्ल) काढून अ‍ॅसिटेट सॉल्ट द्या असं आधीच सांगा, नाहीतर पेशी पेप्टाइडने मेल्या की टीएफएने हेच कळणार नाही. बकरीचं रक्त चालेल, फक्त प्रत्येक प्राण्याच्या लाल पेशी सारख्या फुटत नाहीत हे थिसिसमध्ये लिहा, माणसाचं घेतलं तर एथिक्स कमिटी आलीच. कंट्रोलला पीबीएस (साधं बफर, पेशी फुटत नाहीत) आणि ट्रायटन (डिटर्जंट, सगळ्या फुटतात). आणि एमआयसी एकदा सीरम घालूनही बघा, बरीच पेप्टाइडं तिथेच गार होतात.

थँक्यू, प्लेटचं कोणीच सांगितलं नव्हतं. सीरम माणसाचंच हवं की एफबीएस (गायीच्या गर्भाचं सीरम) चालेल?