मदत हवी आहे: मुळशी धरणात गेलेल्या गावांविषयी

नमस्कार मंडळी. माझ्या पणजीचं माहेर मुळशी धरणात गेलं. १९२१ च्या रामनवमीला सुरू झालेला सत्याग्रह, सेनापती बापट, हे सगळं छापील मिळतं. पण ती गावं नांदत कशी होती, ते कुठेच सापडत नाही. आंबेमोहराची लावणी, जत्रेतली पालखी, कुणाची कुणाशी सोयरीक... मे महिन्यात पाणी उतरलं की आजी घरांची जोती दाखवायची. एका उंबऱ्यापाशी जात्याची तळी अजून चिखलात रुतलेली आहे.

कुणाकडे तेव्हाच्या मुळशी पेट्याचा (पेटा म्हणजे तालुक्याचा पोटविभाग) गावनकाशा, जुने उतारे किंवा घरातल्या बायका म्हणायच्या त्या ओव्या आहेत का? उठलेली घरं पुढे कुठे वसली, तेही हवंय. ऐकलेलं सांगणारी म्हातारी माणसं असतील तर आधी त्यांनाच भेटायला येईन. वहीच्या पानाचा मोबाईलवर काढलेला फोटोही चालेल.