मदत हवी आहे : ओल्या चढावर गाडी अर्ध्यात अडकली तर पायांनी नेमकं काय करायचं?

नमस्कार मंडळी,

डांबरी रस्त्यावर सात वर्षं गाडी चालवते आहे. चार महिन्यांपूर्वी फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणारी गाडी) घेतली, मॅन्युअल गिअरची. गेल्या रविवारी जे झालं ते सविस्तर लिहिते, कारण माझं कुठे चुकलं हे मला अजून नीट कळलेलं नाही आणि पुन्हा तसल्या चढावर जायच्या आधी ते कळायला हवं.

रात्रभर पाऊस पडून गेला होता. मातीचा चढ, फार लांब नाही पण चांगलाच उभा, आणि मधोमध पाण्याने कापलेली एक तिरकी चर. पुढच्या दोन गाड्या चढून गेल्या. मी फोर-लोमध्ये (चारही चाकांना ताकद, पण वेग कमी आणि जोर जास्त) दुसरा गिअर टाकून निघाले. निम्म्यापर्यंत गाडी छान गेली. मग पुढचं डावं चाक चरीत उतरलं, मागचं उजवं हलकं होऊन नुसतंच फिरू लागलं. मी रेस वाढवली. चाक आणखी जोरात फिरलं, चिखल उडाला, गाडी जागची हलेना. आता इंजिन बंद पडणार असं वाटलं आणि सवयीने पाय क्लचवर गेला.

त्याच क्षणी गाडी मागे सुटली. मी ब्रेक दाबला. चाकं थांबली, गाडी थांबली नाही. ती तशीच घसरत राहिली आणि मागची बाजू वळून चढाला आडवी व्हायला लागली. कडेच्या बांधाला मागचं चाक टेकलं म्हणून थांबली. शेजारी धाकटा भाऊ बसला होता. दोघांनाही काही झालं नाही, पण खाली उतरून गाडी किती कललीय ते पाहिलं तेव्हा माझे पाय थरथरत होते.

विचारायचं आहे ते असं. चढावर गाडी अडली की क्लचचं काय करायचं? दुसरा गिअर चुकला का, पहिला हवा होता? टायरमधली हवा मी कमी केली नव्हती, रस्त्यावरचीच ३३ पीएसआय होती, किती ठेवावी? आणि तोच चढ उतरताना कसा उतरायचा? तिथे एक जण म्हणाला जोरात न्यायची, दुसरा म्हणाला अगदी हळू. दोघंही चढून गेलेले, त्यामुळे कोणाचं ऐकावं ते समजेना.

रानवाट :

ताई, सगळ्यात आधी, तुम्ही दोघं सुखरूप आहात हे वाचून बरं वाटलं. आडवी झालेली गाडी उलटायला फार काही लागत नाही.

चूक क्लचचीच. रस्त्यावर इंजिन बंद पडू नये म्हणून आपण क्लच दाबतो आणि ती सवय इतकी मुरते की पाय विचारतही नाही. पण क्लच दाबला की इंजिन आणि चाकांचा संबंध तुटतो. फोर-लोमध्ये गिअर साधारण दोन ते अडीच पट जड होतात. म्हणजे बंद पडलेलं इंजिनसुद्धा चाकांना भक्कम धरून ठेवतं. तुम्ही तीच पकड सोडून दिलीत.

पुढच्या वेळी असं करा. गाडी पुढे जात नाही हे कळलं की रेस सोडा, ब्रेक दाबा, क्लचला पाय लावू नका. इंजिन बंद पडेल. पडू द्या. हँडब्रेक ओढा. घाई कसलीच नाही. खिडकीतून पुढची चाकं बघा आणि सरळ करून घ्या. इंजिन बंद असताना ब्रेकला मिळणारी मदत एकदोन दाबांपुरतीच उरते, म्हणून पाय उचलून पुन्हा पुन्हा दाबू नका, एकदा दाबलेला तसाच ठेवा. स्टिअरिंगही जड लागेल, घाबरू नका. मग ब्रेक घट्ट ठेवूनच क्लच दाबा, फोर-लोमध्येच रिव्हर्स टाका, गाडी सुरू करा. क्लच सावकाश सोडायला लागा. इंजिनचा आवाज जड होईल. तेव्हा हँडब्रेक सोडा, मग पायाचा ब्रेक अगदी हळू सोडत क्लच पूर्ण सोडा. गाडी इंजिनच्या पकडीवर चालत मागे येईल. आल्या चाकोरीनेच, आरशात बघत, सरळ. चढावर वळवायचा विचार मनातसुद्धा आणू नका.

दुसरा गिअर बरोबर होता. चिखलात पहिल्या गिअरला ताकद इतकी येते की चाक लगेच सुटतं. फक्त गिअर पायथ्याशीच ठरवायचा, मध्ये बदलायचा नाही. आणि चाक फिरायला लागलं की रेस वाढवायची नाही, किंचित कमी करायची. फिरणारं चाक माती खात खाली जातं आणि आपलीच वाट खराब करतं.

खरी गोष्ट मात्र चढायच्या आधीची आहे. तुम्ही उतरून चढ पायी पाहिला होता का? तिरकी चर पायी चालताना लगेच दिसते. एक चाक चरीत, कर्णाच्या टोकाचं दुसरं हलकं, अशा वेळी साधा डिफरन्शिअल (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारा भाग) सगळी ताकद ज्या चाकाला अडथळा नाही त्यालाच देऊन टाकतो. दोन्ही चाकं चरीच्या दोन बाजूंना ठेवता आली असती किंवा डिफ लॉक (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं कुलूप) असेल तर तो चरीच्या आधी लावता आला असता. चाक फिरायला लागल्यावर नव्हे.

चाकोरी :

वरच्या प्रतिसादातल्या प्रत्येक शब्दाशी सहमत. हवेबद्दल मी लिहितो.

३३ वर ओल्या मातीत जाऊ नका. हवा कमी केली की टायर जमिनीला लांब टेकतो, पकड वाढते. मी २० वर येतो, नवशिक्यांना २२ वर थांबायला सांगतो. साध्या रिमवर १५ च्या खाली जाऊ नका, वळताना टायर रिममधून निसटतो. आणि डांबरावर वेग धरायच्या आधी हवा पुन्हा भरायची, कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि फाटतो. छोटा कॉम्प्रेसर आणि प्रेशर गेज गाडीत नसेल तर हवा सोडूच नका.

याला एक अपवाद. वर बोटभर चिखल आणि खाली कडक जमीन असेल तर जास्त हवेचा अरुंद टायर तो थर कापून खाली पोहोचतो. काठी खुपसून बघायची, दोन मिनिटांचं काम आहे.

खोल चाकोरीत स्टिअरिंग फसवतं. चाकं वळलेली असतात, गाडी सरळच जात राहते, आणि कडा संपली की एकदम बाजूला फेकली जाते. मान बाहेर काढून चाक बघत जा. पकड सुटायला लागली तर स्टिअरिंग थोडं डावं-उजवं हलवा, टायरच्या कडेचे दात बाजूच्या मातीत रुततात. आणि ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरलं की आवर घालणारी यंत्रणा) इंजिनची ताकद कापणारा असेल तर बंद करा, नाहीतर ऐन चढावर तो ती काढून घेतो.

जोरात की हळू? चढाच्या पायथ्याशी थोडा वेग लागतो, तो वर पोहोचेपर्यंत पुरवायचा असतो. त्याहून जास्त वेग घेतलात तर चर लागल्यावर गाडी उडते. मीही सुरुवातीला जोरात नेऊन पुढचा सस्पेन्शन आर्म वाकवला आहे.

जुना दोर :

तुमची गाडी बांधाला टेकली. पुढच्या वेळी कोणीतरी ओढायला येईल, तेव्हासाठी लिहितो. हात जोडून सांगतो, हे वाचाच.

ट्रेलर जोडायच्या गोळ्याला पट्टा कधीही लावू देऊ नका. तो गोळा शांतपणे ट्रेलर ओढण्यासाठी असतो, झटक्यासाठी नाही. तुटला तर गोळीसारखा सुटतो, अशाने माणसं गेलेली आहेत. वाहतुकीसाठी गाडी बांधायच्या कड्यांनाही नको. चासीला बोल्टने घट्ट बसवलेला रिकव्हरी पॉइंटच हवा, आणि तो घरून निघतानाच शोधून ठेवा. झटका देऊन ओढायचं तर ताणला जाणारा कायनेटिक पट्टाच लागतो, साधा टोइंगचा पट्टा नाही. दोन पट्टे मध्ये शॅकल (लोखंडी जोडकडी) घालून जोडू नका. पट्ट्यावर जड गोधडी किंवा ओली पोती टाका आणि बघ्यांना पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट लांब उभं करा. कोणी रागावलं तरी चालेल.

धागाकर्ती :

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. चढ पायी पाहिला नव्हता. पुढच्या गाड्या गेल्या म्हणून मीही गेले.

काल कोरड्या, सौम्य चढावर जाऊन गाडी बारा वेळा मुद्दाम बंद पाडली. पहिल्या तिन्ही वेळा डावा पाय क्लचवर गेलाच. मग पाय उचलून सीटजवळ मागे ओढून ठेवला, तेव्हा जमलं. सातव्या-आठव्या वेळेपासून रिव्हर्समध्ये गाडी स्वतःच्या पकडीवर उतरताना जाणवली, आणि गेल्या रविवारपासून छातीत बसलेलं काहीतरी सुटलं.

उतरण्याचं तेवढं राहिलं. ओल्या उतारावर मागची बाजू सरकायला लागली तर? माझ्या गाडीला एबीएस आहे, त्यावर विसंबू का?

रानवाट :

उतरताना फोर-लो, पहिला गिअर, दोन्ही पाय पेडलवरून बाजूला. इंजिन गाडी धरून ठेवेल. मागची बाजू सरकली तर मन ब्रेककडे धावेल, पण नाक उताराच्या दिशेला वळवा आणि थोडीशी रेस द्या. चाकं घसरण्यापेक्षा फिरू लागतात आणि गाडी सरळ होते. विश्वास बसायला वेळ लागतो, आधी छोट्या उतारावर करून बघा.

अगदी कमी वेग सोडला तर एबीएस चाकं पूर्ण अडकू देत नाही, त्यामुळे स्टिअरिंग हातात राहतं, पण मऊ मातीवर गाडी थांबायला उलट जास्त अंतर घेते. म्हणून वेग उतार सुरू व्हायच्या आधीच, वरच्या सपाटीवर, माणसाच्या चालीइतका करून घ्या.